वेस्टलँड व्हर्लविंड: एका दुर्मीळ लढाऊ विमानाचे शॉर्ट-रन मॉडेल कसे बांधावे

वेस्टलँड व्हर्लविंड या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाची दोन प्रायोगिक आणि ११४ उत्पादित विमाने तयार झाली, आणि त्यांपैकी एकही आज शिल्लक नाही. स्पिटफायरचे मॉडेल करणाऱ्याला संग्रहालयांत उभ्या असलेल्या खऱ्या विमानांची शेकडो रंगीत छायाचित्रे मिळतात. व्हर्लविंड करणाऱ्याला मात्र युद्धकाळातील कृष्णधवल छायाचित्रांवर आणि नंतर काढलेल्या रेखाटनांवर भागवावे लागते. किटही त्यामुळेच मोजक्या कंपन्यांनी काढले असून, त्यांतील बरेच ‘शॉर्ट-रन’ पद्धतीचे, म्हणजे कमी संख्येसाठी स्वस्त साच्यांतून ओतलेले आहेत. हा लेख अशा किटसाठी आहे. ज्याने निदान तीन-चार साधी विमाने सांधून रंगवली आहेत आणि ज्याच्या हाताला एअरब्रशची सवय आहे, असा वाचक मी गृहीत धरला आहे.

विमानाची रचना समजून घेतल्याशिवाय किटच्या अडचणी समजत नाहीत, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. टेडी पेटर यांनी आरेखित केलेल्या या विमानाने ११ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिले उड्डाण केले. वैमानिक एकच, इंजिने मात्र दोन, आणि नाकात एकत्र बसवलेल्या २० मिलिमीटरच्या चार हिस्पॅनो तोफा, हे त्या काळी असामान्य होते. उत्पादनात गेलेल्या विमानांपैकी रोल्स-रॉइसची पेरेग्रीन इंजिने या एकाच विमानात वापरली गेली. पुढे कंपनीने सारे लक्ष मर्लिन इंजिनावर केंद्रित केल्यावर व्हर्लविंडचे भवितव्य जवळजवळ ठरूनच गेले. ब्रिटिश हवाई दलाच्या २६३ आणि १३७ या दोनच स्क्वाड्रनांनी ते लढाईत वापरले आणि १९४३ च्या अखेरीस ते आघाडीवरून निवृत्त झाले. मॉडेल बांधणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाबी तीन आहेत: धड अतिशय सडपातळ आहे, दोन्ही इंजिनांची कवचे म्हणजे नॅसेल पंखाच्या पुढे बरीच डोकावतात, आणि आडवी शेपटी उभ्या शेपटीवर बरीच उंच बसवलेली आहे. या तिन्हींचा एकत्रित परिणाम असा की मॉडेलमधील किंचितसा तिरकेपणाही लांबून दिसतो. एका इंजिनाच्या विमानात पंख अर्धा मिलिमीटर खाली गेला तर तो खपून जातो. येथे दोन नॅसेल आणि वरची शेपटी अशा तीन रेषा नजरेला तुलनेसाठी सतत उपलब्ध असतात. म्हणूनच या किटमध्ये बारीक तपशिलापेक्षा सरळपणाला अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉकपिटमधील उपकरणांच्या तबकड्यांवर आठवडा घालवून नॅसेल डोळ्यांच्या अंदाजाने चिकटवणारे मॉडेलकार मला नेहमी कोड्यात टाकतात.

ऋतू पाहून कामाची आखणी

नागपुरात हे काम करायचे असेल तर वर्षाचे दोन भाग करावेत. कापणे, घासणे, जुळवणे आणि पुट्टी भरणे ही कामे मार्च ते ऑक्टोबर या काळात केव्हाही करता येतात. रंगकाम मात्र शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी राखून ठेवावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो आणि पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्याची भुकटी झालेली असते. त्यावर उपाय म्हणून वाळ्याचा कूलर लावला, तर खोलीतील आर्द्रता वाढते आणि ताट्यांतून सुटलेले बारीक तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात. उन्हाळ्यात रंगवणे अगदीच टळत नसेल, तर पहाटे, कूलर आणि पंखा बंद ठेवून, रंगात रिटार्डरचे, म्हणजे रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे, काही थेंब घालून रंगवावे. पावसाळ्यातील अडचण उलट प्रकारची असते: हवेतील ओल्याव्यामुळे लॅकर रंगांवर आणि मॅट वार्निशवर पांढुरकी झाक येते, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचून ते मध्येच थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. ज्यांच्याकडे नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप नाही, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये एअरब्रश हाती न घेणेच बरे.

उन्हाळ्यात मागवलेल्या किटबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. कुरिअरच्या बंद गाडीत दिवसभर तापलेले प्लास्टिक वाकून येण्याची शक्यता असते, आणि व्हर्लविंडचे लांबट पंख यात आधी सापडतात. खोका उघडताच पंखाचे भाग काचेवर ठेवून पाहावेत. बाक आढळल्यास तो भाग हाताला सोसेल त्याहून थोड्या अधिक गरम पाण्यात काही सेकंद धरावा, अलगद सरळ करावा आणि त्याच स्थितीत थंड पाण्यात बुडवावा. पाणी उकळते नसावे, कारण त्या तापमानाला पातळ कडा वेड्यावाकड्या होतात.

साहित्य

परदेशी बनावटीची हत्यारे मागवण्यापूर्वी इतवारीतील सराफा भागात सोनारकामाची हत्यारे विकणारी दुकाने पाहावीत. बारीक चिमटे, सुईकानशी, हाताने फिरवायचा ड्रिल आणि केसासारखे बारीक करवतीचे पाते तेथे मिळते, आणि सोनाराच्या हाताला चालणारे हत्यार मॉडेलकाराला सहज चालते. गाड्या रंगवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी आणि ४०० पासून २००० पर्यंतचे ओले-कोरडे पॉलिश पेपर मिळतात. एनसी पुट्टीतील द्रावक प्लास्टिक विरघळवतो, त्यामुळे ती एकदम जाड न भरता पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन भरावी. प्लास्टिकसाठी पातळ द्रव सिमेंट, रेझिन आणि पितळी भागांसाठी सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेले फेविक्विक किंवा तत्सम गोंद, आणि पारदर्शक भागांसाठी पांढरा फेविकॉल, इतके तीन प्रकारचे गोंद पुरतात. सायनोॲक्रिलेट हवेतील आर्द्रतेमुळे घट्ट होतो. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तो रेंगाळतो आणि पावसाळ्यात घाई करतो, हे लक्षात ठेवून भाग धरून ठेवण्याची वेळ ठरवावी.

भाग मोकळे करणे

शॉर्ट-रन किटमध्ये भाग ज्या सांगाड्यावर असतात त्याला ते जाड दांड्यांनी जोडलेले असतात. निपरने थेट भागाच्या कडेवर कापल्यास प्लास्टिकचा लचका निघतो, म्हणून आधी दूरवर कापून उरलेला दांडा करवतीने आणि मग कानशीने काढावा. सर्व भाग भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवावेत. साच्याला लावलेले तेल राहिले तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, सोलून निघतो. रेझिनचे भाग घासताना मास्क लावावा आणि घासणे पाण्याखाली करावे, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक असते.

या किटमध्ये जुळवणीच्या खुंट्या आणि छिद्रे बहुधा नसतात. उणीव म्हणून त्याकडे पाहण्याऐवजी सोय म्हणून पाहावे, कारण चुकीच्या जागी असलेली खुंटी ही खुंटी नसण्यापेक्षा अधिक त्रास देते. धडाच्या आतल्या बाजूला सांध्यालगत प्लास्टिक शीटच्या बारीक पट्ट्या आळीपाळीने चिकटवल्या की दोन्ही अर्धे एकमेकांत नीट बसतात. पंखांच्या मागील कडा हमखास जाड असतात. खालच्या अर्ध्याची आतली बाजू सपाट काचेवर लावलेल्या पॉलिश पेपरवर गोलाकार घासत राहावी, आणि मधूनमधून वरचा अर्धा कोरडाच जुळवून पाहावा. कंटाळवाणे असले तरी या कामाला पर्याय नाही.

मध्यपंख आणि नॅसेल

सूचनापत्रात बहुधा कॉकपिट, मग धड, मग पंख आणि शेवटी नॅसेल असा क्रम दिलेला असतो. तो बाजूला ठेवून मध्यपंख आणि दोन्ही नॅसेल आधी एक संच म्हणून बांधावेत, आणि धड त्यावर नंतर उतरवावे, अशी माझी शिफारस आहे. यासाठी आलेख कागदाच्या तावावर विमानाची वरून दिसणारी आकृती १/७२ किंवा १/४८ या आपल्या प्रमाणात काढून ती काचेखाली ठेवावी. खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी १३.७२ मीटर होती, म्हणजे १/७२ मध्ये ती १९ सेंटिमीटरच्या किंचित पुढे आणि १/४८ मध्ये सुमारे २८.६ सेंटिमीटर भरली पाहिजे. मध्यरेषेपासून दोन्ही नॅसेलच्या मध्यापर्यंतचे अंतर दुभाजकाने मोजून सारखे करावे आणि वरून पाहता दोन्ही नॅसेल धडाच्या मध्यरेषेला समांतर आहेत याची काटकोनाने खात्री करावी. नंतर समोरून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून पाहावे: दोन्ही स्पिनरचे, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरील टोप्यांचे, मध्यबिंदू टेबलापासून एकाच उंचीवर हवेत. सिमेंट लावल्यानंतर हा संच जाड पुठ्ठ्याच्या खाचांत बसवून रात्रभर हलवू नये.

रेडिएटर या टप्प्यातच बसवावे लागतात. व्हर्लविंडचे रेडिएटर इंजिनाखाली लोंबणारे नव्हते, तर धड आणि नॅसेल यांच्या मधल्या पंखाच्या पुढच्या कडेतच होते. त्यामुळे विमानाचा पुढचा चेहरा मोठ्या अंशी याच आडव्या तोंडांनी ठरतो. किटमध्ये त्यांच्या जागी अनेकदा सपाट भिंत असते किंवा तोंड उथळ असते. तोंडाच्या कडा आतून खरवडून पातळ कराव्यात, मागे काळी रंगवलेली पट्टी लावावी आणि त्यापुढे बारीक जाळी बसवावी. पितळी जाळी किटमध्ये नसेल तर चहाच्या बारीक गाळणीची स्टीलची जाळी १/४८ साठी उत्तम चालते; १/७२ साठी नायलॉनच्या मोज्याचे कापड ताणून लावावे. जाळी लावल्यावर पंखाचे अर्धे जुळत नसतील तर जाळीमागची पट्टी कमी करावी, पंखाला दाबून बसवू नये, कारण तो ताण महिन्याभराने सांधा उघडून दाखवतो.

पुट्टी भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हर्लविंडचे फाउलर फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची मागे-खाली सरकणारी झडप, एका एलरॉनपासून (पंखटोकाजवळच्या हलत्या पट्टीपासून) दुसऱ्या एलरॉनपर्यंत पसरलेले होते आणि नॅसेलचे मागील टोक फ्लॅपबरोबरच हलत असे. त्यामुळे नॅसेलच्या मागील भागावर आडवी दिसणारी फट ही जोडणीची खूण नसून विमानाची खरी रेषा आहे; ती बुजवली तर पुन्हा कोरावी लागते. सांधे घासताना पुसट झालेल्या इतर पॅनेल रेषा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा, जाड चिकटपट्टीचा आधार देऊन सुईने हलक्या हाताने, तीन-चार वेळा ओढून पुन्हा काढाव्यात.

धड, कॉकपिट आणि तोफा

कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचे झाकण, चहूबाजूंनी पारदर्शक असल्याने आसन आणि त्याचे पट्टे नजरेत भरतात. बाजूच्या भिंतींवरचे फारसे काही दिसत नाही. म्हणून आसन पातळ करणे, पितळी किंवा कागदी पट्टे नीट दुमडून बसवणे आणि नियंत्रणदांडा बदलणे एवढे केले तरी पुरे. आतील रंग ब्रिटिश हवाई दलाचा ग्रे-ग्रीन असावा. पितळी भाग कापताना फरशीच्या तुकड्यावर धारदार पात्याने दाब देऊन कापावेत, आणि त्या वेळी पंखा बंद असावा. उडालेला पट्टा पुन्हा सापडणे हा योगायोगच असतो. वाकवण्याआधी पितळ मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरल्यास ते मऊ होते.

विमान मागच्या चाकावर टेकते, त्यामुळे नाकात वजन भरावे लागत नाही. ती जागा तोफांसाठी वापरावी. किटमधील प्लास्टिकच्या नळ्या जाड आणि अनेकदा लंबवर्तुळाकार असतात, आणि चार तोफा एकत्र असल्याने हा दोष चौपट दिसतो. औषधांच्या दुकानातून नव्या, न वापरलेल्या इंजेक्शनच्या सुया घ्याव्यात: १/७२ साठी २५ गेजची सुई सुमारे अर्ध्या मिलिमीटरची आणि १/४८ साठी २२ गेजची सुमारे ०.७ मिलिमीटरची असते. सुई कापणी-पक्कडीने कापली तर तोंड दबते, म्हणून कानशीच्या कडेने चोहोबाजूंनी खाच करून ती मोडावी, आणि टोकदार तुकडे लगेच झाकणाच्या डबीत टाकावेत. नाकाच्या मागील बाजूस छिद्रे पाडलेली एक प्लास्टिकची पट्टी आतून बसवली, तर चारही नळ्या दोन ठिकाणी आधार मिळून समांतर राहतात. त्या अगदी शेवटी, रंगकामानंतर बसवाव्यात.

धड आणि पंखांचा संच जोडल्यावर आडवी शेपटी लावायची असते, आणि येथे घाई महागात पडते. तिची दोन्ही टोके टेबलापासून समान उंचीवर, आणि समोरून पाहता नॅसेलच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेला समांतर हवीत. शॉर्ट-रन किटमध्ये शेपटीचे दोन्ही अर्धे नुसते सपाट कडांनी चिकटवायचे असतात. ते टिकत नाहीत. उभ्या शेपटीतून आरपार ०.५ मिलिमीटरचे छिद्र पाडून पितळी तार ओवावी आणि तारेच्या दोन्ही टोकांवर अर्धे चढवावेत. शेपट्या मिळतात तेथील अंडाकृती आवरण गोल आणि गुळगुळीत राहिले पाहिजे. खऱ्या विमानात शेपटीच्या कंपनांवर उपाय म्हणून ते बसवले होते, आणि मॉडेलमध्ये ते घासण्याच्या भरात हमखास चपटे होते.

रंग आणि डिकॅल

प्रायमरचा एक पातळ राखाडी थर दिल्यावर सांध्यांतील उणिवा उघड होतात. त्या याच वेळी दुरुस्त कराव्यात. रंगसंगती निवडताना काळाचा विचार करावा लागतो. २६३ स्क्वाड्रनची सुरुवातीची विमाने वर डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खाली स्काय (फिकट हिरवट) अशा रंगांत होती. १९४१ च्या उत्तरार्धापासून ब्रिटिश लढाऊ विमानांवर ओशन ग्रे आणि डार्क ग्रीनचे पट्टे, खालून मीडियम सी ग्रे, स्पिनर आणि धडावरील पट्टा स्काय रंगाचा, आणि पंखांच्या बाहेरच्या भागांची पुढची कड पिवळी, अशी पद्धत आली. टामिया ॲक्रिलिकमध्ये या संगतीसाठी एक्सएफ-८१, एक्सएफ-८२ आणि एक्सएफ-८३ हे तयार रंग आहेत. माझी पसंती या नंतरच्या संगतीलाच आहे, कारण राखाडी रंगावर नॅसेलचे आकार अधिक उठून दिसतात.

क्रम असा ठेवावा: आधी पिवळी कड आणि स्काय पट्टा रंगवून झाकावा, मग खालचा राखाडी, मग वरचा ओशन ग्रे, आणि शेवटी हिरवा. पट्ट्यांच्या कडा या प्रमाणात जवळजवळ धारदारच दिसायला हव्यात. सूचनापत्रातील आकृती मॉडेलच्या मापाला आणून तिची झेरॉक्स काढावी, आकार कापावेत आणि मागे पांढऱ्या टॅकच्या (पुन्हा निघणाऱ्या चिकट मातीच्या) बारीक वळ्या लावून ते कागद पृष्ठभागापासून किंचित उचलून धरावेत. पिवळा रंग सरळ राखाडी प्रायमरवर मळकट दिसतो. त्याखाली पांढरा थर द्यावा.

डिकॅल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे; त्यांच्याआधी चकाकीचे वार्निश अनिवार्य आहे, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून ती चंदेरी दिसते. २६३ स्क्वाड्रनची अक्षरे एचई आणि १३७ ची एसएफ होती. राष्ट्रीय वर्तुळांची पद्धत १९४२ च्या मध्यावर बदलली, आणि धडावरील जाड पिवळ्या कडेच्या वर्तुळाच्या जागी बारीक पिवळ्या आणि पांढऱ्या कड्यांचे वर्तुळ आले. पंखाखाली बॉम्ब लावलेले विमान करायचे असेल तर नंतरचीच वर्तुळे वापरावीत, कारण व्हर्लविंडने बॉम्ब वाहण्यास १९४२ मध्येच सुरुवात केली. जुनी डिकॅल नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात राहिली असतील तर पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होऊ शकतात. निरुपयोगी असलेले एखादे चिन्ह आधी पाण्यात टाकून पाहावे, आणि ते फुटले तर पूर्ण तावावर चकाकीच्या वार्निशचा थर देऊन मगच चिन्हे कापावीत.

झिजेच्या खुणा बेताच्या असाव्यात. पेरेग्रीन हे व्ही आकाराचे बारा सिलिंडरांचे इंजिन असल्याने प्रत्येक नॅसेलच्या दोन्ही बाजूंना धुराड्या आहेत; म्हणून धुराचे पट्टे दोन नव्हे तर चार येतात, आणि ते पंखावरून हवेच्या दिशेने मागे जातात. काळ्याऐवजी तपकिरी-राखाडी रंग फार पातळ करून फवारावा. पॅनेल रेषांत गडद वॉश, म्हणजे फार पातळ केलेला रंग, सोडायचा मोह आवरावा, विशेषतः खालच्या फिकट बाजूला.

अखेरची जोडणी

चाकांचे पाय नॅसेलमध्ये मागच्या बाजूला दुमडत असत, आणि त्यांची दारे नॅसेलच्या खालच्या कडेला बसतात. दारे चिकटवण्यापूर्वी मॉडेल काचेवर उभे करून दोन्ही पंखटोकांची उंची मोजावी; फरक आल्यास चाकाचा तळ किंचित घासून तो काढता येतो, नॅसेल उखडावी लागत नाही. कॅनपी फेविकॉलने बसवावी, कारण सायनोॲक्रिलेटच्या वाफेने ती आतून धुरकट होते आणि मग काहीच करता येत नाही. प्रोपेलरबाबत लक्षात ठेवावे की पहिल्या प्रायोगिक विमानात ते परस्परविरुद्ध दिशांना फिरत, पण उत्पादित सर्व विमानांत दोन्ही एकाच दिशेने फिरत असत. दोन्हीकडची पाती समोरून पाहता एकाच बाजूला वळलेली हवीत. स्पिनर सुटाच ठेवला, चिकटवला नाही, तर मॉडेल हलवताना पाते मोडत नाही. पेटी काचेची असावी आणि ती पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवावी, कारण मे महिन्याच्या दुपारी बंद काचेत साठणारी उष्णता शेपटीतील पितळी तारेलाही दाद देत नाही.